बेबी, मास्टर आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी

मुंबई उपनगर जिल्ह्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला चित्रपटात, मालिकेत, जाहिरातीत किंवा एखाद्या व्यावसायिक कार्यक्रमात उभे करायचे असेल, तर निर्मात्याला आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. ही अट जून २०१७ पासूनची. मुंबईत तयार झालेल्या चित्रपटात मूल दिसले ते १९१३ सालीच. मधल्या एकशे चार वर्षांत उपनगरांत स्टुडिओ उभे राहिले, बंद पडले, काहींच्या जागी टॉवर आले. मुलांच्या कामाचे तास, त्यांची शाळा आणि त्यांचा पैसा यांबद्दल स्टुडिओला नेमाने जाब विचारणारे मात्र सरकारदरबारी कोणी नव्हते.

मुलांना कामाला लावण्याची सवय सिनेमाने नाटकाकडून उचलली. संगीत नाटक मंडळ्यांना गोड गळ्याची, नाजूक चेहऱ्याची मुले सतत लागत, कारण स्त्रीभूमिका पुरुषच करत. घरची ओढगस्त आणि मुलाला गाता गळा, एवढे जुळले की मुलगा कंपनीत जाई. तिथे जेवणखाण, तालीम आणि मुक्कामामागून मुक्काम. शाळा बहुधा सुटलेलीच. केशवराव भोसले लहानपणीच स्वदेश हितचिंतक मंडळीत गेले आणि ‘शारदा’ नाटकातली शारदा म्हणून गाजले. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक जरठ-बाला विवाहाविरुद्धचे. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या पोरीची कैफियत मांडायला कंपनीत राबणारे पोर उभे होते आणि त्यात कोणाला काही खटकले नाही. दीनानाथ मंगेशकर चौदाव्या वर्षाच्या सुमारास किर्लोस्कर मंडळीत आले. त्यांच्या नावाआधीचे ‘मास्टर’ हे बिरुद पुढे आयुष्यभर टिकले. नारायणराव राजहंसांच्या ‘बालगंधर्व’मधला ‘बाल’ही तसाच त्यांच्या म्हातारपणापर्यंत सोबत राहिला. कंपनीतल्या मुलाला खरी धास्ती एकच असे, आवाज फुटण्याची. त्या दिवशी त्याच्या हातात काय राहील हे मालकाच्या मर्जीवर असे.

सिनेमात १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदासाचे काम दादासाहेब फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने केले. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. घरच्या धंद्यात घरची मुले, त्यामुळे परवानगीचा प्रश्न कोणाच्या डोक्यात येण्याचे कारणच नव्हते.

बोलपट आले आणि चित्रपटधंदा शहराबाहेर सरकू लागला. ध्वनिमुद्रणाला शांतता हवी होती आणि साष्टी बेटावर ती जमिनीसकट स्वस्त मिळत होती. १९३४ मध्ये हिमांशु राय आणि देविका राणी यांनी मालाडला एफ. ई. दिनशा यांच्या बंगल्याच्या आवारात बॉम्बे टॉकीज उभारले. अंधेरीला विजय भट्ट यांच्या प्रकाश पिक्चर्सचा स्टुडिओ होता. १९४३ मध्ये गोरेगावला फिल्मिस्तान आले. या स्टुडिओंच्या आसपास कलावंतांची, वादकांची, नर्तकांची कुटुंबे राहायला आली आणि त्यांची मुले आयतीच हाताशी सापडली. बॉम्बे टॉकीजमधले नर्तक मुमताज अली यांचा मुलगा मेहमूद १९४३ च्या ‘किस्मत’मध्ये दिसतो. १९४२ च्या ‘बसंत’मधली बेबी मुमताज म्हणजे पुढची मधुबाला; तेव्हा ती नऊ वर्षांची होती. महजबीन नावाची मुलगी सहाव्या वर्षी विजय भट्ट यांच्या ‘लेदरफेस’मध्ये आली, भट्टांनीच तिची ‘बेबी मीना’ केली आणि पुढे ती मीना कुमारी झाली. पहिल्या दिवसाचे तिला पंचवीस रुपये मिळाल्याचे सांगितले जाते. या दोघींच्या कमाईवर त्यांची अख्खी घरे चालली. श्रेयनामावलीत ‘बेबी’ आणि ‘मास्टर’ ही बिरुदे सर्रास लागत. मुलाचे वय जाहीर करणारी अशी नोंद दुसरीकडे कुठे होत नव्हती, आणि तिच्यावरून काही ठरतही नव्हते.

कामगार कायदे तोवर नव्हते असे नाही. गिरण्यांसाठी १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली होती, १८९१ मध्ये ती मर्यादा नऊवर नेली. १९३८ च्या बालमजुरीविषयक कायद्याने विड्या, गालिचे, आगपेट्या, अभ्रक, कातडी कमावणे अशा कामांची यादी केली. या यादीत स्टुडिओ बसत नव्हता. कायद्याच्या नजरेत बालमजूर म्हणजे धुळीत, धुरात बसलेले पोर. दिव्यांच्या झोतात, रंग फासून, संवाद पाठ करून उभे असलेले मूल ‘हौशी’. हौस कोणाची, हे कोणी विचारले नाही.

न्यायालयात हा विषय आला तो पैशाच्या वादातून. मुंबई उच्च न्यायालयाचा ‘राज राणी विरुद्ध प्रेम अदीब’ हा निकाल १९४९ च्या निकालसंग्रहात आहे आणि कायद्याचे विद्यार्थी तो आजही करार कायद्यात वाचतात. प्रेम अदीब म्हणजे प्रकाश पिक्चर्सच्या ‘रामराज्य’मधले राम. निर्माते या नात्याने त्यांनी एका अल्पवयीन मुलीला भूमिका देऊ केली, बोलणी तिच्या वडिलांशी झाली. नंतर भूमिका दुसरीला गेली आणि मुलीच्या वतीने दावा दाखल झाला. न्यायालयाने दावा टिकू दिला नाही. करार मुलीशी झाला म्हणावे तर ती अज्ञान, म्हणजे १८७२ च्या करार कायद्यानुसार करारच शून्य. वडिलांशी झाला म्हणावे तर निर्मात्याला मिळणारा मोबदला म्हणजे मुलीने काम करण्याचे वचन, आणि ते वचनच कायद्याने निरर्थक. तेव्हा तोही करार बिनमोबदल्याचा. तर्कात खोट नव्हती. अज्ञानाला संरक्षण म्हणून केलेली तरतूद इथे अज्ञानावरच उलटली.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकात मुले पडद्याच्या मध्यभागी आली. १९५३ च्या ‘श्यामची आई’ने पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवले, त्यातला श्याम माधव वझे यांनी उभा केला. चेंबूरच्या आर. के. स्टुडिओच्या ‘बूट पॉलिश’मधल्या बेबी नाझला कान महोत्सवात खास उल्लेख मिळाला. त्याच पिढीतल्या डेझी इराणी यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले, की सहा वर्षांच्या असताना मद्रासला चित्रीकरणासाठी गेल्यावर, पालक म्हणून सोबत पाठवलेल्या माणसानेच त्यांच्यावर अत्याचार केला होता. सेटवर मुलाच्या जबाबदारीचा माणूस नेमण्याची २०१७ च्या नियमांतली अट आज एक साधी ओळ वाटते. तिच्यामागे काय काय घडून गेले असेल याची या एका कथनावरून कल्पना यावी.

याच काळात रस्त्यावरच्या मुलाचा न्याय वेगळा होता. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियमाने गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे अशा निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे घेणे हेही भीक मागण्यात धरले. अंधेरी स्टेशनबाहेर दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर या व्याख्येत अलगद सापडली. तिथून दोन-चार किलोमीटरवर स्टुडिओत तीच कसरत नकली दोरीवर करणारी मुलगी बालकलाकार. दोघींचे वय एक, मेहनतही फार वेगळी नव्हे.

१९८६ मध्ये बालकामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम आला. वाचकाला नवल वाटेल, पण या कायद्यातल्या ‘आस्थापने’च्या व्याख्येत दुकान, कर्मशाळा, शेत, उपाहारगृह यांच्याबरोबर नाट्यगृह आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणेही होती. जिथे मुलांना कामाला बंदी नाही तिथे तीन तासांनंतर तासाभराची विश्रांती, विश्रांतीसकट दिवसाला सहा तास, संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही, जादा काम नाही आणि एकाच दिवशी दोन आस्थापनांत काम नाही, असे नियम त्यात लिहिलेले होते. ते तंतोतंत पाळायचे म्हटले असते तर रात्री साडेआठच्या नाटकात एकही बालनट दिसला नसता. नियम कागदावर राहिले आणि नाटके चालू राहिली. ऑक्टोबर २००६ मध्ये घरकाम, ढाबे, हॉटेले, चहाच्या टपऱ्या आणि करमणूक केंद्रे बंदीच्या यादीत आली, तेव्हाही चित्रपट आणि दूरचित्रवाणीला हात लागला नाही.

परिस्थिती बदलली ती खासगी वाहिन्यांमुळे. चित्रपटातले मुलाचे काम काही दिवसांचे, फार तर दोन-तीन आठवड्यांचे. सुटी साधून उरकता येई. रोजची मालिका आठवड्याला पाच-सहा भाग मागते आणि चालली तर वर्षानुवर्षे चालते. २००८ च्या जुलैत सुरू झालेल्या ‘बालिका वधू’ने अख्खी कथाच एका लहान मुलीच्या खांद्यावर ठेवली. बालविवाहाची चीड यावी म्हणून एक मूल रोज कामाला, हा ‘शारदे’चाच पेच पुन्हा एकदा. त्याच सुमारास ‘सा रे ग म प’च्या लिटिल चॅम्प्सनी मराठी घरे वेडी केली, स्पर्धा, परीक्षकांचे शेरे, मोबाइलवरून मते आणि बाद होण्याची घोषणा हे सगळे मुलांच्या वाट्याला आले.

बालकलाकारांचा बाजार अंधेरीत, त्यातही वर्सोव्याच्या आराम नगरसारख्या जुन्या बैठ्या घरांच्या वसाहतीत भरतो. कास्टिंगवाल्यांच्या खोल्यांबाहेर दुपारपासून रांग असते. बोरिवलीहून, मुलुंडहून, घाटकोपरहून आलेल्या आया. पाठीवर शाळेचे दप्तर, पिशवीत डबा आणि इस्त्रीचे दोन जोड. मुलाच्या हातात पाटी दिली जाते, तिच्यावर नाव, वय, उंची आणि फोन नंबर. कॅमेऱ्याकडे बघून नाव सांगायचे, मग डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल, जाहिरात असेल तर दोन्ही हात उलटसुलट करून दाखवायचे. चार ओळींचा सीन, ‘थँक यू बेटा’ आणि पुढचा नंबर. निवड झाली तर को-ऑर्डिनेटरचा फोन येतो आणि कॉल टाइम कळतो. मालिकेची शिफ्ट बारा तासांची. मुलाचा सीन सकाळी एक आणि संध्याकाळी एक असा लागला, तर मधला दिवस मेकअप रूममध्ये जातो आणि तो कामात मोजायचा की नाही, यावर सेटवर नेहमी वाद.

२००९ च्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ऑस्करनंतर हा विषय जगाच्या वेशीवर टांगला गेला. त्यातली दोन मुले वांद्रे पूर्वेच्या गरीब नगरची. त्यांना काय दिले, किती दिले यावरून गदारोळ झाला. दिग्दर्शक डॅनी बॉयल आणि निर्माते ख्रिश्चन कोल्सन यांनी ‘जय हो’ नावाचा न्यास करून शिक्षणाचा खर्च आणि शाळा पुरी करून सज्ञान झाल्यावर मिळायची रक्कम बांधून ठेवली होती. त्याआधी मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’नंतर १९८८ मध्ये सलाम बालक न्यास निघाला होता. दोन्ही वेळा जे झाले ते निर्मात्याच्या सद्‌बुद्धीने. कायद्याने काहीच बांधलेले नव्हते. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने मालिका, रिअॅलिटी शो आणि जाहिरातींतल्या मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण मार्गदर्शक तत्त्व मोडले म्हणून कोणी तुरुंगात जात नाही.

बाहेरच्या जगात हा प्रवास आधीच होऊन गेला होता. इंग्लंडमध्ये १८८९ च्या कायद्याने रंगभूमीवरच्या लहान मुलांसाठी परवाने सुरू केले आणि आज तिथली स्थानिक संस्था मुलाच्या नावाने परवाना देते. कॅलिफोर्नियात ‘द किड’मधल्या जॅकी कूगनने मोठेपणी पाहिले की आपल्या कमाईतले फारसे काही उरलेले नाही; त्याने आईविरुद्ध दावा लावला आणि त्यातून १९३९ चा कूगन कायदा झाला. आता तिथे कमाईचा पंधरा टक्के हिस्सा मुलाच्या खात्यात अडकवून ठेवावा लागतो.

भारतात २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सर्वच कामांना बंदी केली आणि दोन दारे उघडी ठेवली: शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत, आणि दृक्‌श्राव्य करमणुकीत कलाकार म्हणून काम. सर्कस मात्र या सवलतीतून वगळली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीतल्या मुलांबाबत कडक आदेश दिलेले होतेच. तिथल्या मुलांचा धंदा कायद्याने संपवला आणि कॅमेऱ्यासमोरच्या मुलांचा धंदा कायदेशीर केला.

या सवलतीच्या अटी २ जून २०१७ च्या नियमांत, नियम २-ग मध्ये आहेत. मुलाने दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम करायचे नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, लागोपाठ सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. मुलांची यादी, आईवडिलांची संमती, सुरक्षिततेची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचे नाव आणि नमुना-ग मधले हमीपत्र निर्मात्याने आधी द्यायचे. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस. शाळेत खंड पडणार नाही अशी सोय, वेळेवर सकस खाणे, स्वच्छ जागा. कमाईतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदतठेवीत. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम नाही. आणि पडद्यावर सूचना, की चित्रीकरणात मुलांची पिळवणूक वा हेळसांड होऊ नये यासाठी उपाय योजले होते. मालिका सुरू होताना क्षणभर झळकून जाणारी ती बारीक अक्षरे इथून आली.

परवानगी द्यायची ती जिथे चित्रीकरण होते त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांनी, म्हणजेच जिल्हाधिकाऱ्यांनी. ‘जिल्हा’ हा एक शब्द उपनगरांत फार महत्त्वाचा ठरतो. १ ऑक्टोबर १९९० रोजी वेगळ्या झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्याचे कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. गोरेगावची चित्रनगरी, मढचे बंगले, अंधेरी-साकीनाक्याचे गाळ्यांतले सेट यांचे अर्ज तिथे जातात. मीरा रोड किंवा घोडबंदर रस्त्यावर सेट लागला की जिल्हा ठाणे; नायगावला लागला की २०१४ मध्ये झालेला पालघर. दहिसर ओलांडले की फाइल बदलते. हमीपत्र सहा महिने चालते, म्हणजे लांबलेल्या मालिकेला ते पुन्हा द्यावे लागते. नियम मोडून मुलाला कामाला लावणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

या रचनेत एक फट आहे. इथे परवानगी निर्मात्याला मिळते, मुलाला नाही. मुलाच्या नावाचे कार्ड किंवा तासांचे पुस्तक नाही. सकाळी एका मालिकेत आणि संध्याकाळी जाहिरातीत उभे राहिलेले मूल दोन निर्मात्यांच्या दोन कागदांवर पाच-पाच तासांत बसते. दोन्हीची बेरीज होते ती फक्त त्याच्या आईच्या डोक्यात. १९८६ च्या कायद्यातली ‘एका दिवसात दोन आस्थापने नाहीत’ ही ओळ आणि रात्री कामाची बंदी कलाकारांच्या नव्या नियमात उतरलेली नाही. घरच्या धंद्यात मदत करणाऱ्या मुलाला संध्याकाळी सातनंतर काम सांगता येत नाही; बालकलाकाराला पाच तास भरेपर्यंत सांगता येते.

आशयावरची देखरेख वेगळ्या वाटेने गेली. २०१७ च्या उन्हाळ्यानंतर ‘पहरेदार पिया की’ या मालिकेत लहान मुलाचे तरुणीशी लग्न दाखवले, त्यावरून तक्रारी झाल्या, वेळ रात्री साडेदहाची झाली आणि ऑगस्टअखेर मालिकाच बंद पडली. जून २०१९ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने नृत्याच्या रिअॅलिटी शोमधल्या मुलांबद्दल वाहिन्यांना सूचनापत्र पाठवले. २०२२ मध्ये बालहक्क आयोगाने नव्या नियमावलीचा मसुदा काढला. त्यात ओटीटी आणि समाजमाध्यमेही आली आणि तीन महिन्यांखालच्या बाळांना स्तनपान किंवा लसीकरणासारख्या प्रचाराखेरीज कॅमेऱ्यासमोर आणू नये असे सुचवले. उपनगरातल्या फ्लॅटमध्ये आईबाबाच निर्माते, मोबाइल हाच कॅमेरा, अशा रीलमधल्या मुलाला मात्र अर्ज कोणी करायचा, हे अजून कोणाला नीट सांगता आलेले नाही.

याच उपनगरांत मुलांच्या सार्वजनिक खेळाचा आणखी एक वाद न्यायालयात गेला, दहीहंडीचा. घाटकोपर-मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत सर्वात वरच्या थराला हलके पोर लागते. उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना थरात चढायला मनाई केली. सर्वोच्च न्यायालयात ती मर्यादा बारावर आली. २०१७ मध्ये राज्य सरकारने चौदा वर्षांखालचे गोविंदा नसतील असे सांगितले. कायद्यातला बालक चौदाखालचाच असल्याने स्टुडिओ आणि हंडी यांचे वय अखेर एका आकड्यावर आले.

पैशाच्या बाबतीत आयकर कायदा मुलांना झुकते माप देतो. अज्ञान मुलाचे उत्पन्न एरवी आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवतात. स्वतःच्या कलेने, कौशल्याने मिळवलेले उत्पन्न मात्र मुलाचेच धरतात. वीस टक्क्यांची मुदतठेवही त्याचीच. नियम लागू झाला तेव्हा दहा वर्षांचे असलेले मूल २०२५ पर्यंत सज्ञान झाले. बँकेत जाऊन ती ठेव मागण्याचा हक्क आता त्याचा स्वतःचा आहे, आणि त्यासाठी आईवडिलांची सही लागत नाही.